टाचेवरचा मेलॅनोमा, बायोप्सी अर्धवट, जांघेत गाठ: मोठ्या शस्त्रक्रियेआधी काय काय व्हायला हवं?

फॅमिली_डॉक्टर:

रुग्णाचं वय ५६. उजव्या टाचेच्या आतल्या बाजूला तीन सेंटिमीटरचा काळसर चट्टा, कडा वेड्यावाकड्या, मधोमध चिघळलेली जखम. बरेच महिने कुरूप समजून मलमं लावली गेली. जखमेच्या कडेवरून ४ मिमीची पंच बायोप्सी (गोल पात्याने घेतलेला त्वचेचा तुकडा) झाली आहे. रिपोर्ट असा: अ‍ॅक्रल लेंटिजिनस मेलॅनोमा (रंगपेशींचा त्वचेचा कॅन्सर, तळपाय-तळहात-नखांवर होणारा प्रकार), ब्रेस्लो जाडी (रोग त्वचेत किती खोल गेला त्याचं माप) किमान २.३ मिमी, तळाची कड बाधित, अल्सरेशन (वरची त्वचा फुटलेली) आहे. उजव्या जांघेत अवधाण हाताला लागतं. सोनोग्राफीत १.८ सेमीची गोलसर गाठ (लसिकाग्रंथी) आहे, तिचा हायलम, म्हणजे मधला चरबीचा भाग, दिसत नाही. पेट स्कॅन किंवा एमआरआय झालेला नाही.

जवळच्या सर्जननी ८ दिवसांनंतरची तारीख दिली आहे. २ सेमी मार्जिन घेऊन चट्टा काढायचा, लगेच स्किन ग्राफ्ट लावायचा आणि त्याच वेळी जांघेतल्या सगळ्या गाठी काढायच्या, असा बेत आहे. मेलॅनोमाचं स्वतंत्र पथक असलेल्या कॅन्सर केंद्राची वेळ १२ दिवसांनंतरची आहे. घरच्यांचं म्हणणं, जे आधी होतंय ते उरकून घेऊ.

थांबणं सुरक्षित आहे का? केंद्रात जाताना सोबत नक्की काय न्यायचं? जीन तपासणी आत्ताच पाठवावी का? आणि क्लिनिकल ट्रायलबद्दल विचारायचं ते शस्त्रक्रियेनंतर की आधी?

---

शल्यक:

आठ दिवसांनंतरची तारीख रद्द करा, बारा दिवसांनंतरची धरा. बायोप्सीपासून साधारण चार ते सहा आठवड्यांत मोठी शस्त्रक्रिया व्हावी अशी अपेक्षा असते. त्यात हे थोडे दिवस सहज बसतात. मात्र ते रिकामे घालवू नका. या काळात एकच प्रश्न सुटायला हवा: जांघेतल्या गाठीत मेलॅनोमा आहे की नाही? पुढची सगळी वाट तिथून फुटते.

त्यासाठी सोनोग्राफीखाली सुईने नमुना घ्या. बारीक सुईने तीन-चार वेळा घेतलेल्या पेशी चालतात, पण त्यातला काही भाग सेल ब्लॉकसाठी (मेणात बसवायला) ठेवायला सांगा. नुसत्या स्मीअरवर (काचेवर पसरलेल्या पेशींवर) नंतर रंगतपासणी आणि जीन तपासणी करणं अवघड जातं. शक्य असेल तर कोअर बायोप्सीच (जाड सुईने घेतलेला ऊतकाचा तुकडा) बरी. चीर देऊन गाठ बाहेर काढून पाहणं टाळा. तिथे व्रण तयार होतो, थर एकमेकांना चिकटतात, पुढची शस्त्रक्रिया अवघड होते आणि औषधाचा परिणाम मोजायला गाठच उरत नाही.

चिघळलेल्या टाचेतल्या जंतुसंसर्गानेही अवधाण येतं, हे खरं. पण गोल आकार आणि नाहीसा झालेला हायलम पाहता 'आधी पंधरा दिवस अँटिबायोटिक देऊन बघू' हा मार्ग इथे नको. सुईचा रिपोर्ट 'पुरेसा नमुना नाही' असा आला तर त्याला 'निगेटिव्ह' समजू नका, पुन्हा सुई टोचा. सोनोग्राफी करणाऱ्यांना गुडघ्यामागची लवणही पाहायला सांगा. टाचेचा लसिकाप्रवाह काही वेळा आधी लवणीतल्या गाठीत जातो आणि नेमकी तीच जागा तपासायची राहून जाते.

सुईचा रिपोर्ट खात्रीने निगेटिव्ह असेल तर चट्टा काढतानाच सेंटिनल नोड बायोप्सी, म्हणजे चट्ट्याचा लसिकाप्रवाह जिथे आधी पोचतो ती पहिली गाठ काढून तपासणं, करायची. आधी चट्टा आणि मागाहून सेंटिनल, हा क्रम चुकीचा. चट्ट्याभोवतीची दोन सेंटिमीटर त्वचा निघून वर ग्राफ्ट बसला की लसिकावाहिन्या तुटलेल्या असतात. मग टोचलेलं टेक्निशियम (गाठ शोधायचं किरणोत्सारी द्रव्य) कुठे जाईल आणि ती गाठ खरोखर पहिली असेल का, याचा भरवसा राहत नाही. शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी किंवा आदल्या दिवशी टेक्निशियमचं कलिल चट्ट्याभोवती त्वचेतच टोचतात, प्रवाहाचा स्कॅन काढतात, टेबलावर निळा रंग देतात आणि गामा प्रोबने गाठ शोधतात. सर्वात 'गरम' गाठीच्या दहा टक्क्यांहून जास्त मोजणी देणाऱ्या बाकीच्या गाठीही काढायच्या. सेंटिनल गाठीचा फ्रोझन सेक्शन (शस्त्रक्रिया चालू असतानाच गोठवून तपासणं) मागू नका. त्यात ऊतक वाया जातं आणि बारीक ठेवे (पसरलेल्या रोगाचे पुंजके) हुकतात.

आता ग्राफ्टबद्दल. अ‍ॅक्रल लेंटिजिनस प्रकारात रोग डोळ्यांना दिसणाऱ्या कडेच्या बाहेर, वरच्या थरात पसरलेला असू शकतो. २ मिमीपेक्षा जाड मेलॅनोमाला २ सेमी मार्जिन हा नियम इथेही आहे, तरी कडांचा पक्का रिपोर्ट येईपर्यंत टाच कायमची झाकायची घाई करू नका. काही दिवस ड्रेसिंगवर किंवा कृत्रिम त्वचेवर ठेवता येते. शेजारच्या त्वचेचा फ्लॅप फिरवून बसवला आणि नंतर 'तीनच्या दिशेची कड बाधित' असं कळलं, तर ती कड आता शरीरावर कुठे गेली हे कुणालाच सांगता येत नाही. नमुन्याला बाराच्या दिशेला लांब टाका आणि तीनच्या दिशेला आखूड टाका घाला, आणि तसं फॉर्मवर चित्र काढून द्या.

---

त्वचारोग:

जांघेतल्या सगळ्या गाठी काढण्याची गरजच नाही असं नाही का झालं आता? एमएसएलटी-२ या ट्रायलचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. उरलेल्या गाठी काढल्या काय किंवा सोनोग्राफीने लक्ष ठेवलं काय, तीन वर्षांनी मेलॅनोमामुळे होणाऱ्या मृत्यूंच्या हिशोबात जगण्याचं प्रमाण दोन्हीकडे ८६ टक्केच होतं. लसिका साचून येणारी सूज मात्र गाठी काढलेल्यांत २४.१ टक्के आणि नुसतं लक्ष ठेवलेल्यांत ६.३ टक्के.

---

शल्यक:

आकडे बरोबर, पण ते या रुग्णाला लागू नाहीत. एमएसएलटी-२ मध्ये गाठ हाताला लागत नव्हती, सेंटिनल बायोप्सीत सूक्ष्म ठेवा सापडला होता. इथे गाठ हाताला लागते. सुईत रोग निघाला तर जांघ साफ करणं आजही उपचाराचा भाग आहे. बदललं आहे ते इतकंच की ती शस्त्रक्रिया आता पहिली पायरी राहिलेली नाही, औषध तिच्या आधी आलं. हे दोन गट एकत्र झाले की दोन्ही बाजूंनी नुकसान होतं. एकाची जांघ विनाकारण साफ होते, दुसऱ्याची करायला हवी असताना राहते.

---

पॅराफिन:

रिपोर्टातल्या 'किमान' या शब्दाकडे लक्ष द्या. तळाची कड बाधित आहे, म्हणजे पंच जिथे संपला तिथून खालीही रोग होता. शिवाय पंच कडेवरून घेतलेला, सर्वात जाड भागातून नव्हे. त्यामुळे २.३ ही जाडीची खालची मर्यादा समजायची. एजेसीसीच्या (कॅन्सरचे टप्पे ठरवणाऱ्या नियमांच्या) आठव्या आवृत्तीप्रमाणे २ ते ४ मिमी आणि अल्सरेशन म्हणजे टी३बी (टी ही मूळ चट्ट्याची श्रेणी). गाठी स्वच्छ असतील तर टप्पा २-बी, एका गाठीत रोग असला की थेट ३-सी. इतकी मोठी उडी एका सुईवर अवलंबून आहे.

सोबत नेण्यासाठी रिपोर्टची प्रत पुरत नाही. ज्या प्रयोगशाळेत बायोप्सी तपासली तिथून मूळ पॅराफिन ब्लॉक (ऊतक बसवलेला मेणाचा ठोकळा) आणि मूळ स्लाइड लेखी अर्ज देऊन मागा. ब्लॉकवरचा क्रमांक रिपोर्टवरच्या क्रमांकाशी तिथेच जुळवून बघा. ४ मिमीच्या पंचमध्ये ऊतक मुळातच थोडं असतं. स्थानिक प्रयोगशाळेने आणखी दहा-बारा काप काढून वेगवेगळ्या रंगतपासण्या केल्या की केंद्रात पोचतो तो रिकामा मेणाचा ठोकळा. म्हणून 'यावर आता आणखी काही करू नका, ब्लॉक द्या' असं स्पष्ट सांगा. ब्लॉक उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका, मेण मऊ पडतं. आधी कापून ठेवलेल्या कोऱ्या स्लाइड महिनोन्महिने पडून राहिल्या तर रंगतपासणीत फिक्या येतात. ब्लॉक सर्वात टिकाऊ.

दुसऱ्या तज्ज्ञाकडून स्लाइड पुन्हा वाचून घेणं ही औपचारिकता नाही. तळव्याच्या त्वचेचा वरचा थर जाड असतो, काप तिरका गेला तर जाडी फुगून दिसते. मापन कणीदार थराच्या माथ्यापासून करायचं असतं आणि व्रण असेल तिथे व्रणाच्या तळापासून. नव्या रिपोर्टात जाडी, अल्सरेशन, दर चौरस मिलिमीटरला किती पेशी विभागताना दिसतात, नसांभोवती किंवा रक्तवाहिन्यांत शिरकाव, सूक्ष्म उपठेवे आणि प्रत्येक कड वेगवेगळी, हे सगळं यायला हवं. विभाजनाचा दर टी ठरवताना आता धरत नाहीत, पण रोगाचा स्वभाव कळायला उपयोगी आहे.

गाठीच्या नमुन्यावर एसओएक्स-१० आणि एस-१०० या रंगतपासण्या सर्वात संवेदनशील, मेलन-ए आणि एचएमबी-४५ आधाराला. नमुना १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिनमध्येच, ऊतकाच्या दहापट द्रवात. साध्या सलाइनमध्ये रात्रभर ठेवलेला तुकडा जीन तपासणीच्या कामाचा राहत नाही.

जीन तपासणी करायचीच, पण नमुना निवडून. पंचमधलं उरलेलं ऊतक खर्चण्यापेक्षा गाठीची कोअर बायोप्सी येणार असेल तर ती वापरा. नुसता बीरॅफ न पाहता बीरॅफ, एनरास आणि किट ही तिन्ही जनुकं पाहणारं पॅनल मागा. त्वचेच्या नेहमीच्या मेलॅनोमात जवळजवळ निम्म्या रुग्णांत बीरॅफ बदललेला सापडतो, तळपाय-तळहात-नखांच्या मेलॅनोमात बराच कमी, उलट किट तिथे जास्त. फार काळा, रंगद्रव्याने भरलेला नमुना असेल तर मेलॅनिनमुळे पीसीआर (डीएनएच्या प्रती काढायची पायरी) बंद पडतो आणि 'तपासणी अयशस्वी' येतं. तो निगेटिव्ह निकाल नव्हे. प्रयोगशाळेला आधीच कळवलं तर डीएनए जास्त स्वच्छ करून किंवा विरळ करून पुन्हा चालवतात.

---

मात्रा:

औषध आधी आणि सुरी नंतर, हे का, ते थोडं सविस्तर सांगतो, कारण घरच्यांना पटवायचं तुम्हाला आहे.

पीडी-१ रोखणारी औषधं (पेम्ब्रोलिझुमॅब, निवोलुमॅब; ही इम्युनोथेरपी) गाठीवर थेट हल्ला करत नाहीत. गाठीत आधीच पोचलेल्या टी पेशींवरचा (प्रतिकारशक्तीच्या लढाऊ पेशींवरचा) ब्रेक काढतात. गाठ शरीरात असताना औषध दिलं तर त्या पेशींसमोर ट्यूमरची सगळी ओळखचिन्हं असतात, त्यांची विविधता आणि संख्या दोन्ही वाढतात. गाठ आणि आसपासच्या लसिकाग्रंथी काढून मग तेच औषध दिलं तर शिकवायला उरतं फार थोडं. स्वॉग एस१८०१ या ट्रायलमध्ये दोन्ही गटांना पेम्ब्रोलिझुमॅबचे एकूण १८ डोसच ठरलेले होते. फरक इतकाच की एका गटाला त्यातले ३ शस्त्रक्रियेआधी आणि १५ नंतर. दोन वर्षांनी रोग न वाढता किंवा न उलटता राहिलेले ७२ टक्के, सगळे डोस नंतर घेतलेल्यांत ४९ टक्के. औषध तेच आणि तितकंच, बदलला फक्त क्रम.

२०२४ च्या नादिना ट्रायलमध्ये इपिलिमुमॅब (टी पेशींवरचा दुसरा ब्रेक काढणारं औषध) ८० मिग्रॅ आणि निवोलुमॅब २४० मिग्रॅ, तीन आठवड्यांच्या अंतराने दोनदा, आणि सहाव्या आठवड्यात जांघ किंवा काख साफ. बारा महिन्यांनी रोग न वाढता किंवा न उलटता राहिलेले ८३.७ टक्के, आधी शस्त्रक्रिया आणि मग निवोलुमॅब घेतलेल्यांत ५७.२ टक्के. काढलेल्या गाठीत जिवंत ट्यूमर दहा टक्के किंवा त्याहून कमी उरला असेल तर पुढे औषधच दिलं नाही, आणि असे रुग्ण निम्म्याहून जास्त निघाले. किंमतही आहे: औषधामुळे तिसऱ्या किंवा वरच्या श्रेणीचे त्रास सुमारे ३० टक्क्यांना.

दोन्हींत उघड दिसणाऱ्या किंवा हाताला लागणाऱ्या, काढता येण्याजोग्या रोगाचे रुग्ण होते. सुई निगेटिव्ह आणि सेंटिनलही स्वच्छ निघालं तर हा मार्ग लागू नाही. मग २-बीसाठी शस्त्रक्रियेनंतर एक वर्ष पेम्ब्रोलिझुमॅबचा विचार, किनोट-७१६ या ट्रायलच्या आधारावर.

औषध सुरू करण्याआधी मेंदूचा एमआरआय कॉन्ट्रास्टसह, आणि पेट-सीटी. पेट चांगला निघाला म्हणून एमआरआय सोडू नका. मेंदू मुळातच साखर भरपूर खातो, त्यामुळे छोटे ठेवे पेटमध्ये झाकले जातात. रक्तात एलडीएच (पेशी फुटल्या की वाढणारं एन्झाइम). नमुना नळीत फुटला तर तो खोटा वाढतो, वाढलेला आला तर आधी पुन्हा काढा. याशिवाय रक्तगणन, यकृत, क्रिएटिनिन, साखर, टीएसएच आणि फ्री टी-४, सकाळी आठच्या सुमाराचं कॉर्टिसोल, ट्रोपोनिन, ईसीजी, हिपॅटायटिस बी आणि सी, एचआयव्ही. या 'आधीच्या' आकड्यांची किंमत नंतर कळते. सहा आठवड्यांनी ट्रोपोनिन किंचित वर दिसलं आणि तुलनेला काही नसलं की हृदयाची जळजळ आहे की जुनंच, यावर दोन दिवस जातात.

आणखी एक: अंगदुखी, दमा किंवा पुरळ अशा कुठल्याही कारणाने कुणी स्टेरॉइडची गोळी सुरू केली असेल तर ती केंद्राला कळवा. रोज १० मिग्रॅ प्रेडनिसोलोनपेक्षा जास्त डोसवर इम्युनोथेरपी सुरू करणं टाळतात.

---

प्रोटोकॉल:

ट्रायलचं आधी विचारायचं, आणि तेही सुरी आणि पहिलं औषध या दोन्हींच्या आधी. दारं बंद होतात ती नेमकी या दोन गोष्टींनी. शस्त्रक्रियेआधीच्या उपचारांच्या ट्रायलला मोजता येणारी गाठ लागते. शस्त्रक्रियेनंतरच्या बऱ्याच ट्रायलना आधी कुठलंही इम्युनोथेरपी औषध न घेतलेला रुग्ण लागतो.

मोजता येणारी म्हणजे किती? रिसिस्ट १.१ (ट्रायलमध्ये गाठी मोजायचे नियम) प्रमाणे लसिकाग्रंथीचा आखूड व्यास १५ मिमी किंवा जास्त हवा. इतर ठेव्यांना लांब व्यास १० मिमी. तुमच्या रिपोर्टात '१.८ सेमी' एवढंच आहे. हा लांब व्यास असेल आणि आखूड ११ मिमी असेल तर गाठ रोगग्रस्त ठरूनही मोजण्याजोगी ठरत नाही. शिवाय मोजमाप सोनोग्राफीचं धरत नाहीत, सीटी लागतो, तोही ५ मिमी किंवा पातळ कापांचा. पेट-सीटीसोबतचा सीटी अनेकदा कॉन्ट्रास्टशिवाय असतो, तो चालेल का हे केंद्राला फोनवर विचारून घ्या. दोनदा स्कॅन करण्याची वेळ यामुळेच येते.

अपात्र ठरवणाऱ्या नेहमीच्या गोष्टी: औषध चालू असलेला ऑटोइम्यून आजार, अवयव प्रत्यारोपण, चालू स्टेरॉइड, अलीकडच्या काही वर्षांतला दुसरा कॅन्सर, उपचार न झालेला मेंदूतला ठेवा, ईकॉग स्थिती (रोजची कामं करण्याची क्षमता) २ किंवा त्याहून वाईट. आणि संपलेला ब्लॉक, ज्याबद्दल पॅराफिन यांनी लिहिलं आहे. पहिल्या फोनला हे सगळं एका पानावर लिहून ठेवा, सोबत चालू औषधांची यादी, डोससकट.

सहमतीपत्रावर सही करण्याआधी विचारा: तुलनेच्या गटाला काय मिळणार? आजचा चांगला उपचार मिळणार असेल तर कुठल्याही गटात गेलं तरी रुग्णाचं नुकसान नाही. जुना, कमी दर्जाचा उपचार मिळणार असेल तर थांबा. मध्येच बाहेर पडलं तर नेहमीचा उपचार कुणाकडे आणि किती दिवसांत सुरू होईल? जादा बायोप्सी किती, त्यातल्या कुठल्या रुग्णासाठी आणि कुठल्या फक्त संशोधनासाठी? औषधाचा त्रास झाला तर भरतीचा खर्च कोण करणार? रात्री दोन वाजता कुणाला फोन करायचा? ट्रायलचा नोंदणी क्रमांक मागा आणि सार्वजनिक नोंदवहीत स्वतः पाहा. नोंदणी क्रमांक न देता 'रोगप्रतिकार वाढवणारी पेशींची लस' पैसे घेऊन टोचणाऱ्यांपासून रुग्णाला दूर ठेवा. त्यात पैशापेक्षा मोठं नुकसान म्हणजे नंतर खऱ्या ट्रायलमध्ये 'आधी इम्युनोथेरपी घेतली' म्हणून नाव बाद होतं.

घरचे बातम्या वाचून एमआरएनए लसीबद्दल विचारतीलच. ती प्रत्येक रुग्णाच्या ट्यूमरमधले बदल वाचून, जास्तीत जास्त ३४ ओळखचिन्हं निवडून बनवतात. म्हणून तिला काढलेला ट्यूमर आणि रक्त दोन्ही लागतं. १५७ रुग्णांच्या ट्रायलमध्ये, पूर्ण शस्त्रक्रियेनंतर, पेम्ब्रोलिझुमॅबसोबत ती दिल्यावर रोग उलटण्याचा किंवा मृत्यूचा धोका ४४ टक्क्यांनी कमी दिसला. मोठी, तिसऱ्या टप्प्याची ट्रायल त्यानंतर सुरू झाली. पण बघा, हा मार्ग 'आधी शस्त्रक्रिया' मागतो आणि मात्रा यांनी लिहिलेला 'आधी औषध'. दोन्ही एकाच वेळी धरता येत नाहीत. माझ्या मते गाठ पॉझिटिव्ह निघाली तर लसीच्या आशेने आधीचं औषध सोडू नये, कारण आधी औषध देण्याचा फायदा दोन ट्रायलमध्ये दिसला आहे.

---

कडा_साफ:

थोडं अवांतर, कारण शोधत येणारे हा धागा बेसल सेल आणि स्क्वॅमस सेल या त्वचेच्या दुसऱ्या कॅन्सरसाठीही वाचतील. वरचं बहुतेक त्यांना लागू नाही. तिथे ब्रेस्लोवरून मार्जिन ठरत नाही. कमी धोक्याच्या लहान बेसल सेलला ४ मिमी, स्क्वॅमसला ४ ते ६ मिमी. नाक, पापण्या, ओठ, कान इथला किंवा पुन्हा उलटलेला असेल तर मोह्झ शस्त्रक्रिया, ज्यात एकेक थर काढून त्याची पूर्ण कड तिथल्या तिथे तपासतात. शस्त्रक्रियेने न सुटणाऱ्या स्क्वॅमसला सेमिप्लिमॅब (हेही पीडी-१ औषध) ३५० मिग्रॅ दर तीन आठवड्यांनी. शस्त्रक्रियेआधी ते दिलेल्या ७९ रुग्णांच्या अभ्यासात निम्म्यांच्या काढलेल्या भागात जिवंत कॅन्सरच सापडला नाही. त्याच जागी खूप वाढलेल्या, शस्त्रक्रियेने न सुटणाऱ्या बेसल सेलला व्हिस्मोडेजिब किंवा सोनिडेजिब. पायात गोळे येतात, चव जाते, केस गळतात, आणि गर्भावर गंभीर परिणाम होतो म्हणून स्त्री-पुरुष दोघांनाही गर्भनिरोधनाच्या कडक सूचना. किडनी बदललेल्या रुग्णाला मात्र पीडी-१ औषध देण्याआधी दहादा विचार, बसवलेला अवयव नाकारला जाऊ शकतो.

---

फॅमिली_डॉक्टर:

आठ दिवसांची तारीख रद्द केली. कोअर बायोप्सीचा रिपोर्ट आला: मेलॅनोमाचा ठेवा, एसओएक्स-१० पॉझिटिव्ह. सीटीत आखूड व्यास १६ मिमी. लवणीत काही नाही, मेंदूचा एमआरआय स्वच्छ, दूरवर काही नाही. बीरॅफ आणि एनरास बदललेले नाहीत, किटचा निकाल बाकी. केंद्राने इपिलिमुमॅब-निवोलुमॅब दोनदा आणि मग शस्त्रक्रिया असं सुचवलं आहे. अ‍ॅक्रल प्रकारात एकटं पेम्ब्रोलिझुमॅब पुरेल का, की दोन औषधांचा त्रास घ्यावाच? आणि दोन डोसांच्या मधल्या काळात रुग्ण माझ्याकडेच असेल, तर कशावर नजर ठेवू?

---

मात्रा:

एकट्या पीडी-१ औषधाला अ‍ॅक्रल मेलॅनोमा इतर त्वचेच्या मेलॅनोमापेक्षा कमी दाद देतो. या प्रकारात उन्हामुळे होणारे जनुकबदल कमी असतात, त्यामुळे टी पेशींना ओळखायला खुणाही कमी. म्हणून तब्येत धडधाकट असेल तर जोडीकडे माझा कल आहे. केंद्राचा निर्णय मला योग्य वाटतो. बीरॅफ बदललेला नाही म्हणजे डॅब्राफेनिब-ट्रामेटिनिब हा पर्याय नाही, हे घरच्यांना आत्ताच सांगून ठेवा. किटमध्ये योग्य जागी बदल निघाला तर इमॅटिनिबचा उपयोग पुढे, रोग पसरला तर. शस्त्रक्रियेआधी नाही.

पहिल्या डोसाआधी गाठीत मार्कर क्लिप बसवून घ्या. औषध चांगलं लागू पडलं तर गाठ इतकी आकसते की सहा आठवड्यांनी नेमकी कुठली ती, हेच कळत नाही.

तुमच्याकडच्या नजरेबद्दल. जुलाब: रुग्णाच्या नेहमीच्या वेळांपेक्षा रोज चार ते सहा जास्त म्हणजे दुसरी श्रेणी, सात किंवा जास्त म्हणजे तिसरी. लोपेरामाइड देऊन घरी बसवू नका. लक्षण झाकलं जातं आणि आतडं आतून जळत राहतं. शौच तपासा, क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलसकट, आणि केंद्राला त्याच दिवशी कळवा. तिसऱ्या श्रेणीला भरती, शिरेतून मिथिलप्रेडनिसोलोन १ ते २ मिग्रॅ दर किलोला. तीन ते पाच दिवसांत उतार नसेल तर इन्फ्लिक्सिमॅब. यकृत बिघडलं असेल तर मात्र इन्फ्लिक्सिमॅब नाही, तिथे मायकोफेनोलेट. स्टेरॉइड उतरवायला चार ते सहा आठवडे घ्या. आठवड्यात बंद केलेलं स्टेरॉइड हे त्रास उलटण्याचं नेहमीचं कारण आहे. २० मिग्रॅहून जास्त डोस महिनाभर चालणार असेल तर न्यूमोसिस्टिसपासून (फुप्फुसाच्या एका संसर्गापासून) संरक्षण सुरू करा.

नवा कोरडा खोकला किंवा चालताना धाप: छातीचा सीटी, एक्स-रे साफ असला तरी. छातीत दुखणं, धडधड, पापण्या जड होणं, मान उचलता न येणं: त्याच तासाला ट्रोपोनिन, सीपीके आणि ईसीजी. हृदयाची जळजळ, स्नायूंची जळजळ आणि मायस्थेनिया (नसांचा संदेश स्नायूंना न पोचणं) हे तिघं अनेकदा एकत्र येतात आणि सर्वात जीवघेणं तेच. अचानक तहान आणि वारंवार लघवी: साखर आणि कीटोन, एचबीए१सी नॉर्मल असलं तरी. ते इतक्या लवकर वाढत नाही.

डोकेदुखी, गळून जाणं, रक्तदाब कमी, सोडियम कमी असं दिसलं की पिट्युटरी (मेंदूखालची संप्रेरकग्रंथी) बिघडल्याचा संशय. इपिलिमुमॅबमुळे हे दुसऱ्या-तिसऱ्या महिन्याच्या आसपास येतं, आणि तुमच्या रुग्णाची शस्त्रक्रिया सहाव्या आठवड्यात आहे. म्हणून भुलीच्या आधी सकाळचं कॉर्टिसोल, टीएसएच आणि फ्री टी-४ पुन्हा बघा. पिट्युटरी बिघडली तर फ्री टी-४ खाली जातं आणि टीएसएच मात्र नॉर्मल दिसतं, त्यामुळे एकट्या टीएसएचवर विसंबू नका. कॉर्टिसोल कमी असताना भूल दिली तर टेबलावर रक्तदाब कोसळतो आणि कारण शोधताना वेळ जातो. कॉर्टिसोल आणि फ्री टी-४ दोन्ही कमी निघाली तर आधी हायड्रोकॉर्टिसोन, थायरॉक्सिन काही दिवसांनी. उलट क्रमाने दिलं तर अ‍ॅड्रिनल क्रायसिस ओढवून घेतलं जातं. औषध चालू असल्याचं कार्ड रुग्णाच्या खिशात कायम असू द्या. त्रास औषध संपल्यावर महिन्यांनीही येऊ शकतो.

---

पॅराफिन:

एकच जोड. सहाव्या आठवड्यात काढलेला नमुना पाठवताना फॉर्मवर ठळक लिहा: 'औषधानंतरची गाठ, मेलॅनोमा, क्लिप आहे'. क्लिप असलेली गाठ सापडली का, हे नमुन्याच्या एक्स-रेवर पाहून मगच फॉर्मलिनमध्ये टाका. औषध लागू पडलं असेल तर ट्यूमरच्या जागी रंगद्रव्य गिळून बसलेल्या मॅक्रोफेज पेशी काळ्याभोर दिसतात. न सांगता आलेल्या नमुन्यात घाईने वाचणारा त्यांनाच मेलॅनोमा समजू शकतो. उरलेल्या जिवंत ट्यूमरची टक्केवारी पूर्ण ट्यूमरच्या जागेच्या प्रमाणात काढायची असते, म्हणून त्या जागेचा एक अख्खा आडवा काप कॅसेटमध्ये गेला पाहिजे. 'दहा टक्के किंवा कमी' की 'अकरा टक्के' यावर पुढचं वर्षभराचं औषध ठरणार आहे, तेव्हा आकडा सीमेवर असेल तर एसओएक्स-१० लावून दुसऱ्या वाचकाकडून पुन्हा मोजून घ्या.